मावशीवाली

बिअर शॉपीसमोर एखादी बाई रोज संध्याकाळी वही घेऊन तासभर उभी राहिली, तर लोक तिच्याबद्दल बोलायला फार वेळ लावत नाहीत. माझ्याबद्दल तिसऱ्या दिवशी बोलू लागले. मरोळ गावठाणातल्या कोणीतरी आईला येऊन सांगितलं, "तुझी पोरगी बाटलीच्या दुकानासमोर असते गं रोज." आई म्हणाली, "तिची नोकरीच तशी आहे," आणि पुढे काही विचारू दिलं नाही. तिला स्वतःलाही माझी नोकरी नीटशी कळलेली नव्हती, पण ते बाहेरच्यांना कशाला सांगायचं?

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छपाई कारखान्यात लेबलं काढते. फिनेल, लोणची, खोकल्याचं औषध, केसांचं तेल. या कामात मला एक खोड लागली आहे. दहा वस्तू समोर असताना माणूस नेमकी एकच का उचलतो, ते मी बघत बसते. किराणा दुकानात माझ्याबरोबर यायला घरातलं कोणी तयार नसतं. ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतेय त्या उन्हाळ्यात डॅडींच्या हृदयाची बायपास ठरली होती. ती नीट पार पडेल की नाही, ही आईची सगळी भीती मी काढलेल्या एका लेबलावर येऊन बसली होती, आणि मला मात्र ते सगळ्यात शेवटी कळलं.

झालं असं, की एका नव्या बिअर कंपनीचा मालक आमच्याकडे आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, उत्साही, पहिल्या भेटीतच अरे-तुरे करणारा. म्हणाला, "यार, बिअर मस्त जमलीय. फक्त हिला चेहरा नाही. चेहरा तू दे."

पहिलं लेबल मी माझ्या हौसेनं काढलं. फिकट राखाडी कागद, बारीक अक्षरं, कोपऱ्यात एक सोनेरी टिंब. कारखान्यात सगळे म्हणाले, झकास. टेबलावर ते होतंही झकास. अंधेरी पूर्वेच्या सहा दुकानांत ते गेलं आणि तिथेच राहिलं. महिन्याभरानं मालकाचा फोन आला, "वाट लागली ना यार, कोणी हातच लावत नाही." मला राग आला. लोकांना डोळे नाहीत का, असं मी त्यालाच सुनावलं. मग वही घेतली आणि लोकांचे डोळे बघायला गेले.

पहिल्या संध्याकाळीच कळलं, की तिथे हात लावायची सोयच नाही. पुढे काउंटर, त्यावर जाळी, जाळीच्या आत दुकानदार आणि त्याच्याही मागे फ्रीज. फ्रीजच्या काचेवर पाणी धरलेलं. बाटल्या निम्म्या एकमेकींच्या आड. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे आणखी तिघे उभे, आणि सोसायटीतलं कोणी बघायच्या आत त्याला तिथून निघायचं असतं. जो माणूस भेंडीचा भाव तीनदा विचारतो, तो बिअर एका दमात घेऊन मोकळा होतो.

नाव घेऊन मागणारे तर फारच थोडे. "लाल पट्ट्याची दे." "जहाजवाली." "कालचीच." एक जण आमच्या बिअरकडे दोनदा बघताना मी पाहिला. त्याला ती आवडली होती, शपथेवर सांगते. त्यानं तोंड उघडलं, पण आमच्या बिअरचं नाव असं परदेशी ढंगाचं की ते कसं म्हणायचं हे मलाही मालकाला विचारावं लागलं होतं. त्यानं मागच्या तिघांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "लाल पट्ट्याची दे." मी वहीत लिहिलं, 'एक गेला.'

मग मला त्या तासाची चटकच लागली. ऑफिसच्या शर्टातला एक माणूस म्हणाला, "दोन नेहमीच्या. आणि घरी साहेब येणार आहेत, तर चार दिसायला चांगल्या द्या." म्हणजे स्वतःसाठी सवय आणि पाहुण्यांसाठी लेबल! हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजातली चार मुलं आली. त्यातला एक नवीन काहीतरी दाखवायचा, बाकीचे त्याची टर उडवायचे आणि शेवटी तेच घ्यायचे. एक आजोबा दर शनिवारी वेगळीच बाटली जाळीतून बाहेर मागवायचे, चष्मा चढवून तिच्यावरचं सगळं वाचायचे, सरकारी इशाऱ्यासकट, आणि परत देऊन म्हणायचे, "माझी नेहमीचीच दे." त्यांच्यावर माझा फार जीव जडला होता.

शॉपीवाल्या काकांना मी आधी एक्साइज खात्याची वाटले. तसं नाही हे कळल्यावर चहा येऊ लागला. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तुमची बाटली दिसायला बरी आहे. पण गिऱ्हाईक मागणार कशी? टिंबवाली द्या, म्हणून?"

मी हसले आणि मग हसायची थांबले. इतके दिवस मी कागदावर दिसणारं लेबल काढत होते. इथे तोंडानं मागता येणारं लेबल हवं होतं. लाजणाऱ्या माणसालासुद्धा दोन शब्दांत, मागे वळून न बघता मागता आलं पाहिजे. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

आम्ही गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मराठी बोलणारे इथले जुने ख्रिस्ती. आमच्या लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. माझ्या मामाच्या लग्नातला आईचा तसा एक फोटो आमच्या घरात आहे. चौकड्यांचं लुगडं, कमरेवर हात, बँडवाल्याला काहीतरी सुनावून खो खो हसतेय. मी लहानपणापासून बघत आलेला तो फोटो मला त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसला. ती बाई दहा फुटांवरून, ओल्या काचेमागून, अर्धी झाकलेली असली तरी ओळखू येईल, अशी होती. मी ती जाड रेघांत उतरवली. मागे पिवळा रंग दिला.

मालक खूश झाला, पण त्यानं एका जागी बोट ठेवलं. "गळ्यावर हे काय यार? मुंग्या चढल्यासारखं दिसतंय." ती आईची काळ्या मण्यांची पोत होती. दोन बोटांएवढ्या चित्रात मण्यांचे ठिपके एकमेकांत मिसळून खरंच मुंग्या दिसत होते. छपाईत तर शाई भरून नुसता डाग झाला असता. मी एक क्लिक केला आणि गळा स्वच्छ झाला. वर दुसरी एक कामगिरीही केली. मालकाची तक्रार होती, की बर्फाच्या बादलीत बाटल्या ठेवल्या की लेबलं सुटून तरंगतात. मी नऊ प्रकारच्या गोंदांवर प्रयोग केले आणि काही केल्या न सुटणारा गोंद शोधून काढला. त्या गोंदाचा मला चेहऱ्यापेक्षा जास्त अभिमान होता.

बाटली तयार झाल्यावर मी ती घरी नेली, आईला न सांगता, गंमत म्हणून. तिनं ती हातात घेतली. बराच वेळ बघितली. "मी आहे?" "तूच आहेस." "छान आहे," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, लाजली. डॅडी म्हणाले, "माझ्या बायकोला बाटलीवर बसवलंस, आता मला कोणी पिऊ नको म्हणायचं नाही." त्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, तीन ठिकाणी अडथळे निघाले, आणि महिन्याभरानंतरची बायपासची तारीख मिळाली. पिणं अर्थातच बंद झालं.

इकडे लेबल चाललं. काकांच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात एक रिक्षावाला म्हणाला, "वो मावशीवाली दो," आणि मागच्यानंही तेच मागितलं. मला नाचावंसं वाटलं. मालकानं लगेच मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या दुकानांतही माल टाकला. तिथेही बऱ्यापैकी चाललं. पण अंधेरी पूर्वेच्या सहा दुकानांचा प्रकार वेगळाच होता. तिथे माल ठेवला की दोन दिवसांत फ्रीज रिकामा. मालक म्हणाला, "यार, तू जादू केलीस. तेच लेबल दुप्पट छापू."

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण खोड गप्प बसू देईना. तेच लेबल, तीच बिअर, मग मुलुंडचा माणूस दोन घेतो आणि मरोळचा चोवीस का? उन्हाचं कारण म्हणावं, तर ऊन काय मरोळलाच पडतं? मी वही घेऊन पुन्हा काकांकडे गेले.

"मॅडम, तुमची बिअर पुरुष नाही नेत," काका म्हणाले. "बायका नेतात. पन्नाशीच्या पुढच्या. दुपारी येतात, गर्दी नसताना. जेवढ्या असतील तेवढ्या द्या म्हणतात. मसाला करायचाय म्हणे, बाटल्या लागतात."

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्यात वर्षाचा मसाला मे महिन्यात करतात आणि तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांतच भरतात, म्हणजे उजेड लागत नाही. त्याला म्हणतातच बाटली मसाला. पण त्यासाठी कोणी भरलेल्या बाटल्या विकत आणत नाही. भंगारवाल्याकडे रिकाम्या मिळतात. आणि मिळेल ती बाटली चालते, मावशीवालीच कशाला हवी?

मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि दुपारी काकांच्या आतल्या स्टुलावर बसून राहिले. अडीचच्या सुमाराला छत्री घेऊन माझी सख्खी मावशी आली. तिच्या मागे माझी आत्या. आत्यानं जाळीतून बोट करून बाटल्या मोजल्या, दोन पिशव्या भरल्या आणि दोघी आमच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. मी मागोमाग.

घरामागच्या मोरीत आई बसली होती. समोर घमेल्यात गरम पाणी, त्यात बाटल्या. बाजूला खोबरेल तेल, काथ्या, बोथट सुरी. ती एका बाटलीवरचं लेबल खरवडत होती आणि माझा तो नऊ प्रयोगांतून निघालेला गोंद काही केल्या सुटत नव्हता. तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती. नखांत पिवळा कागद भरला होता आणि त्या कागदाच्या तुकड्यांवर तिचाच चेहरा होता. मला एकदम रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून राग आला.

"हे काय चाललंय?"

मावशी आणि आत्यानं पिशव्या पाठीमागे सरकवल्या. आईनं मान वर केली नाही. "मसाल्याच्या बाटल्या."

"आई, खोटं बोलू नकोस."

"मग तू सांग. माझ्या गळ्यात काय नाही त्यात?"

मला तेव्हाही पटकन सुचलं नाही, हे मी आजही लाजेनं सांगते. तिनं ओल्या हातानं स्वतःची पोत उचलून धरली. "ही कधी काढतात, तुला माहीत नाही? आमच्या मायच्या गळ्यातली कधी काढली, तू बघितली होतीस ना? त्या फोटोत माझ्या गळ्यात होती. तू काढलीस. आणि नऊ दिवसांत यांच्या छातीत दुखलं."

"ते लेबलामुळे नाही दुखलं. तीस वर्षांच्या सिगारेटमुळे दुखलं."

"असेल. मला पण कळतं. पण ऑपरेशनला यांना नेतील तेव्हा माझा मोकळा गळा दुकानादुकानांत मांडलेला नको मला."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? तू इतकी नाचत होतीस. तुझं पहिलं काम असं चाललेलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि सहाच तर दुकानं आहेत, तूच म्हणालेलीस. सहा दुकानं आम्ही बघू शकतो."

तेवढ्यात आतून डॅडींचा आवाज आला, "घरात एवढी बिअर आणि मला एक घोट नाही! गावातले सगळे मेव्हणे मजा मारतायत." बिअर वाया जाऊ नये म्हणून ती घरोघर वाटली जात होती. डॅडींना त्यामागचं कारण कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी बाहेर रस्त्यावर येऊन मालकाला फोन केला. "छपाई थांबव. मरोळला तुझी बिअर खपत नाहीये. माझी आई ती उचलतेय."

"सगळी?"

"अंधेरीची सगळी."

"आणि मुलुंडची?"

"मुलुंडची खरी आहे."

मी त्याला कारण सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडेल. तो म्हणाला, "पोत घाल परत. दिसू देत मुंग्या." पण बिअरचं लेबल बदलायचं म्हणजे पुन्हा एक्साइजच्या मंजुरीला टाकायचं, आणि मंजुरी काही ऑपरेशनच्या आधी येणार नव्हती. नवा माल अंधेरीत टाकायचा नाही, एवढं त्यानं कबूल केलं. बाकीच्या दुकानांतून माल परत मागवणं त्याला शक्य नव्हतं, आणि मी तसं मागितलंही नाही.

मग पुढचे दहा दिवस मी ऑफिसातून आले की मोरीत बसायची. माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे मी आईला पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "नसू दे. सुरी धर." तेलानं गोंद सुटत नव्हता, रॉकेलनं थोडा सुटायचा. एकदा तिनंच विचारलं, "लोक मावशीवाली म्हणून मागतात, खरं?" मी म्हणाले, हो. "का पण?" मला याचं खरं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तू हसतेस म्हणून." तिनं हातातल्या बाटलीवरचा चेहरा जरा वेळ बघितला आणि मग खरवडून टाकला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाही दुकानं रिकामी झाल्याची खात्री करायला मी निघाले. पाच झाली होती. सहाव्यात दुकानदार म्हणाला, "एकच होती, आत्ता तो निळ्या शर्टवाला घेऊन गेला." मी धावले. चाळिशी उलटल्यावर, ऑफिसच्या चपलांत, मरोळ नाक्यावर बिअरची बाटली गाठायला धावले. तो बसस्टॉपवर सापडला. मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही आत्ता घेतलेली बाटली मला देता का? दुसरी कोणतीही घेऊन देते."

तो घाबरलाच. "का? खराब आहे?"

"नाही. तिच्यावर माझी आई आहे."

त्यानं कागदात गुंडाळलेली बाटली उघडून बघितली. आणि अशा वेळीसुद्धा मला राहवलं नाही. मी विचारलं, "हीच का घेतली?"

तो जरा विचार करून म्हणाला, "तसं काही नाही. खोलीवर एकटाच असतो. ही बाई जरा घरातली वाटली." त्यानं बाटली माझ्या हातात दिली, बदली दुसरी घेतली नाही. माझ्या वहीतल्या एकाही पानावर असं कारण नव्हतं. मी ते अजून लिहिलेलं नाही.

सकाळी सातला डॅडींना आत नेलं. ऑपरेशन चार तास चाललं आणि नीट झालं, पण तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर आई ताठ बसली होती, पोत मुठीत घट्ट धरून. बोटांना तीन पट्ट्या लावलेल्या होत्या. आतलं दार बंद झाल्यावर तिनं विचारलं, "किती राहिल्या?"

"एकही नाही."

"नक्की? सगळीकडे बघितलंस?"

"सगळीकडे. यादी माझ्याकडेच असते ना."

यादी खरंच माझ्या पर्समध्ये होती. मुलुंडची सात दुकानं, घाटकोपरची पाच, बोरिवलीची चार, आणि प्रत्येकाच्या पुढे फ्रीजमध्ये उभ्या असलेल्या बाटल्यांचा, मालकानं कळवलेला आदल्या संध्याकाळचा आकडा. आईनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग तिनं मूठ सोडली, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.